गुणांची मोजपट्टी आणि घराण्याचा वारसा

विद्यार्थिमित्रांनो, उन्हाळा सरत आला कीं आपल्या वऱ्हाडांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते : पावसाची आणि निकालाची. पाऊस किती पडला हें मोजावयास पर्जन्यमापक यंत्र आहे, आणि तें अकोल्यांत व अकोटांत एकाच मापानें मोजतें. निकालाचें मात्र तसें नाहीं. एकाच्या हातीं शेंकडेवारी असते, दुसऱ्याच्या हातीं दहापैकीं आंकडा असतो, तिसरा पर्सेन्टाइल सांगतो, आणि परदेशीं गेलेला कोणी आप्त चारपैकीं आंकडा कळवितो. शिवाय अमक्याचे वडील त्याच संस्थेंत शिकले म्हणून त्याला प्रवेश मिळाला, असेंही कानावर येतें. या सर्वांचा उलगडा न झाल्यामुळें कित्येक हुशार मुलें उगीच हिरमुसलीं होतात, आणि कित्येक पालक मध्यस्थांच्या हातीं पैसा देऊन बसतात. म्हणून प्रवेशाच्या वेळीं माणसाची परीक्षा कोणकोणत्या मापांनीं होते, आणि त्यांतलीं कोणतीं मापें न्याय्य आहेत, याचा विचार या लेखांत करूं.

१. शेंकडेवारी

सर्वांत जुनें व ओळखीचें माप शेंकडेवारीचें. सन १९२३ मध्यें नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. आज तीच शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था होय. पुढें १९८३ मध्यें अमरावती विद्यापीठ वेगळें होईपर्यंत वऱ्हाडच्या पदवीधरांचीं प्रमाणपत्रें नागपूरचींच असत. त्या काळीं शेंकडा ६० गुण मिळाले कीं प्रथम श्रेणी होई, आणि घरांत पेढे वांटले जात. आज शालान्त परीक्षेंत ६० मिळविणारा मुलगा मान खालीं घालून बसतो. ज्ञान कमी झालें कीं गुण स्वस्त झाले, हा प्रश्न वेगळा ; पण एक गोष्ट यांतून शिकण्याजोगी आहे. आंकड्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणत्या काळीं, कोणत्या मंडळानें व कोणत्या रीतीनें दिला, यावरून त्याला अर्थ येतो.

आपल्या शालान्त परीक्षेचेंच उदाहरण घ्या. समजा, पातूर तालुक्यांतील एका मुलीला सहा विषयांत ७८, ८४, ९१, ६६, ८८ व ८५ गुण मिळाले. बेरीज ४९२ झाली. सहाशेंपैकीं ४९२ म्हणजे शेंकडा ८२. परंतु महाराष्ट्राच्या मंडळानें सर्वोत्तम पांच विषय धरण्याची रीत स्वीकारलेली आहे. तीप्रमाणें ६६ वगळले कीं पांचशेंपैकीं ४२६ उरतात, आणि शेंकडा ८५.२ होतात. मुलगी तीच, उत्तरपत्रिका त्याच. आंकडा मात्र तीन अंशांहून अधिक वाढला. शिवाय खेळ, लोककला व चित्रकला यांच्यासाठीं सवलतीचे गुण असतात. म्हणूनच कांहीं विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकावर शेंकडा १०० असा आंकडा दिसतो. तो खोटा नाहीं ; पण त्यानें सहाही विषयांत एकही चूक केली नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे.

२. ग्रेड पॉईंट म्हणजे काय ?

आतां दहाच्या मापाकडे वळूं. या रीतींत प्रत्येक विषयाच्या गुणांवरून त्याला ० ते १० यांमधील एक गुणांक देतात, आणि सर्व विषयांच्या गुणांकांची सरासरी काढतात. तिलाच जी.पी.ए. म्हणतात. एका सत्रापुरती असली तर ती सत्राची सरासरी, आणि सर्व सत्रांची मिळून काढली तर ती एकूण सरासरी, म्हणजे सी.जी.पी.ए.

येथें एक गोम आहे. ही सरासरी साधी नसते. ज्या विषयाला आठवड्यांत अधिक तास, त्याचें वजन अधिक. या वजनाला क्रेडिट म्हणतात. समजा, एका विद्यार्थ्याचा पहिला विषय ३ क्रेडिटांचा असून त्यांत त्याला ८ गुणांक मिळाला, दुसरा २ क्रेडिटांचा असून ७ मिळाला, आणि तिसरा १ क्रेडिटाचा असून ९ मिळाला. साधी सरासरी काढली तर ८ येते. खरी रीत अशी : ३ गुणिले ८ म्हणजे २४, २ गुणिले ७ म्हणजे १४, १ गुणिले ९ म्हणजे ९. एकूण ४७. यास एकूण ६ क्रेडिटांनीं भागिलें कीं ७.८३ येतात. बाजारांत तूर आणि जिरें एकाच भावानें कोणी जोखीत नाहीं, तसेंच हें. अर्थात् मोठ्या क्रेडिटाच्या विषयाकडे दुर्लक्ष करून लहान विषयांत चमकणें हा तोट्याचा व्यवहार होय.

गुणांक देण्याच्याही दोन रीति आहेत. पहिली सरळ रीत आपल्या अकोल्यांतच पाहावयास मिळते. सन १९६९ मध्यें स्थापन झालेल्या आपल्या कृषि विद्यापीठास डॉ. पंजाबराव देशमुख यांचें नांव आहे. देशांतील कृषि विद्यापीठांच्या रीतीप्रमाणें विषयांत शंभरापैकीं जितके गुण, त्याचा दहावा भाग हा गुणांक. ७४ गुण म्हणजे ७.४. त्यामुळें एकूण सरासरीला दहानें गुणिलें कीं शेंकडेवारी परत मिळते. कांहीं हरवत नाहीं.

दुसरी रीत पायऱ्यांची. मध्यवर्ती माध्यमिक शिक्षण मंडळ, ज्याला आपण सी.बी.एस्.ई. म्हणतों, त्यानें सन २०१० ते २०१७ या काळांत दहावीला ती चालविली. ९१ ते १०० गुण असले कीं गुणांक १०. ८१ ते ९० असले कीं ९. आणि याप्रमाणें खालीं. मग शेंकडेवारी हवी असेल तर सरासरीला ९.५ नें गुणावें, असें मंडळानें सांगितलें होतें. हे साडेनऊ कोठून आले ? ९१ ते १०० या पायरीवरील विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी सुमारें ९५ भरली, तिला १० नें भागून ९.५ हा आंकडा घेतला. आतां याचा परिणाम पाहा. एका मुलास पांचही विषयांत ९१ मिळाले. त्याची सरासरी १०, आणि हिशेबानें शेंकडा ९५. त्याच्या शेजाऱ्यास पांचही विषयांत ९० मिळाले. त्याची सरासरी ९, आणि हिशेबानें शेंकडा ८५.५. प्रत्यक्षांत दोघांत शेंकडा एका गुणाचें अंतर, कागदावर साडेनऊंचें! उलट ९१ वाला आणि ९९ वाला एकाच पायरीवर बसले. पायऱ्यांची रीत अटीतटीची चढाओढ कमी व्हावी म्हणून निघाली, आणि तो हेतु चांगला होता. पण पायरीच्या कांठावर जो उभा राहतो, त्याला तिचा फार मोठा फटका बसतो.

अभियांत्रिकीच्या जगांत आणखी एक सूत्र आढळतें. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांत सरासरींतून ०.७५ वजा करून उरलेल्यास १० नें गुणावें, असें आहे. तेव्हां एकच ८ हा आंकडा घ्या. कृषि विद्यापीठाच्या रीतीनें तो शेंकडा ८०, सी.बी.एस्.ई.च्या जुन्या रीतीनें ७६. तंत्रशिक्षणाच्या रीतीनें ७२.५. एका आंकड्याचे तीन अर्थ ! जो अर्ज भरतांना आपल्या संस्थेचें सूत्र न पाहतां शेजाऱ्याचें सूत्र लावतो, तो एक तर आपलें नुकसान करितो, किंवा नकळत खोटी माहिती देतो. सूत्र बहुधा गुणपत्रकाच्या पाठीमागें छापलेलें असतें. तें प्रथम वाचावें.

३. चारचें माप आणि पर्सेन्टाइल

अमेरिकेंत बहुधा चारचें माप चालतें. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १, आणि नापास म्हणजे शून्य. तेथील शाळांत कठीण अभ्यासक्रम घेणाऱ्यास कित्येकदां एक गुणांक अधिक देतात. म्हणून एखाद्या मुलाची सरासरी चाराहूनही अधिक झालेली दिसते. आपल्याकडील पुष्कळ मुलें दहापैकीं आंकड्याला ०.४ नें गुणून चारचा आंकडा काढतात. ८ चे ३.२ केले कीं त्यांना वाटतें, झालें. परंतु हें पाणी शेरांत मोजून कापड गजांत सांगण्यासारखें आहे. ज्या विद्यापीठांत शेंकडा ६० ही प्रथम श्रेणी गणली गेली, तेथील ६० ला अमेरिकेंतील ६० प्रमाणें जवळजवळ नापास ठरविणें हा अन्याय होईल. म्हणूनच तेथील पुष्कळ विद्यापीठें सांगतात कीं, तुमचे गुण तुमच्या मूळ मापांतच लिहा. त्यांचा अर्थ आम्हीं लावूं. असें सांगितलें असेल तेथें रूपांतर करूं नये.

पर्सेन्टाइल हें तर मापच निराळें. महाराष्ट्राची अभियांत्रिकी व औषधनिर्माण यांची सामाईक प्रवेश परीक्षा संगणकावर होऊं लागल्यापासून तिचा निकाल पर्सेन्टाइलमध्यें लागतो. ९५ पर्सेन्टाइल म्हणजे शंभरापैकीं ९५ गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींत सुमारें ९५ जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागें आहेत, असा त्याचा अर्थ. हजार मुलांत ९५ पर्सेन्टाइलवाल्याच्या पुढें सुमारें ५० जण असतात. लाखांत सुमारें ५,००० असतात. शेंकडेवारी तुम्हांला किती आलें हें सांगते. पर्सेन्टाइल तुम्हीं रांगेंत कोठें आहांत हें सांगतें. पेपर कठीण असला तर थोड्या गुणांतही रांगेंतील जागा पुढची असूं शकते.

४. घराण्याचें वजन

इथवर आपण ज्या मापांचा विचार केला, तीं सारीं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या श्रमाचीं होतीं. आतां अशा एका मापाकडे येऊं, ज्यांत विद्यार्थ्यानें कांहींच केलेलें नसतें.

अमेरिकेंतील कित्येक जुन्या खासगी महाविद्यालयांत अर्ज करणाऱ्याचे आईबाप तेथील पदवीधर असले, तर त्याला झुकतें माप देतात. अशा विद्यार्थ्याला तेथें लेगसी म्हणतात. आपण वारसा म्हणूं. ही रीत अनादि नव्हे. १९२० च्या दशकांत गुणांच्या जोरावर ज्यू कुटुंबांतील मुलें मोठ्या संख्येनें येऊं लागलीं, तेव्हां जुन्या घराण्यांच्या जागा राखण्यासाठीं ती दृढ झाली. हार्वर्ड विद्यापीठावरील खटल्यांत जे आंकडे उजेडांत आले, त्यांवरून पदवीधरांच्या अपत्यांपैकीं शेंकडा सुमारें ३३ जणांना प्रवेश मिळाला, तर इतरांपैकीं शेंकडा सुमारें ६ जणांना. वारसांमध्यें हुशार मुलें नसतात, असें नाहीं. सुशिक्षित घरांत वाढल्याचा लाभ त्यांना आधींच मिळालेला असतो. प्रश्न एवढाच कीं, तो लाभ मिळाल्यावर वर आणखी वजन कां घालावें ? सन २०२३ मध्यें राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, परीक्षेंतील गुण सारखे असतांही अतिश्रीमंत घरांतील मुलांचा अशा निवडक महाविद्यालयांत शिरकाव मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होतो ; आणि त्याचें एक मोठें कारण हा वारसा होय.

या रीतीच्या बाजूनेंही लोक बोलतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळा राहतो, माजी विद्यार्थी देणग्या देतात, आणि त्या देणग्यांतून गरीब मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, असें ते म्हणतात. परंतु मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालय, म्हणजे एम्.आय.टी., वारसा पाहत नाहीं, आणि त्याला विद्यार्थ्यांची किंवा कीर्तीची वाण पडलेली नाहीं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें ही रीत सोडल्याचें २०२० मध्यें जाहीर केलें. ॲमहर्स्ट महाविद्यालयानें २०२१ मध्यें सोडली. त्याच सालीं कोलोरॅडो राज्यानें सरकारी महाविद्यालयांत तिला बंदी केली, आणि २०२४ मध्यें कॅलिफोर्नियानें खासगी महाविद्यालयांनाही लागू होणारा कायदा केला. जून २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली, तेव्हांपासून लोक विचारूं लागले आहेत कीं, वंश पाहावयाचा नाहीं, तर बापाची पदवी कां पाहावी ?

वऱ्हाडांतून परदेशीं जाणारे बहुतेक विद्यार्थी पदवीनंतरच्या शिक्षणासाठीं जातात. वारशाचें हें वजन मुख्यत्वें पदवीपूर्व प्रवेशांत असतें. पुढील शिक्षणाची निवड बहुधा त्या त्या विषयाचा विभाग करितो. तेव्हां आपल्या घराण्यांत कोणी परदेशीं शिकलेलें नाहीं, म्हणून कोणीं अर्जच न करणें व्यर्थ होय.

५. आपल्या अंगणांत पाहूं

दुसऱ्याच्या घरचें बोलून झालें. आतां आपलें पाहूं. आपल्या राज्यांत अकरावीचा प्रवेश सन २०२५ पासून सर्वत्र एकाच केंद्रीय ऑनलाईन पद्धतीनें होऊं लागला. अमरावती शहरांत ती कांहीं वर्षें आधींच होती. अकोल्यास ती त्या सालीं आली. या पद्धतींत बहुतेक जागा गुणानुक्रमें भरतात. पण शेंकडा १० जागा संस्थेच्या स्वतःच्या शाळेंतील विद्यार्थ्यांस, शेंकडा ५ व्यवस्थापनास, आणि अल्पसंख्याकांच्या संस्थांत शेंकडा ५० त्या त्या समाजास राखलेल्या असतात. त्या भरल्या नाहींत तर सर्वांस खुल्या होतात. पहिला प्रकार शाळेचा वारसा आहे, घराण्याचा नव्हे. तरी ज्याला पांचवींत त्या शाळेंत प्रवेश मिळाला नाहीं, त्याला तो मिळत नाहीं, एवढें खरें.

दिल्लीस तर अगदीं बालवर्गापर्यंत हें लोण गेलें होतें. डिसेंबर २०१३ मध्यें तेथें निघालेल्या नियमांत शंभरापैकीं ७० गुण शाळेच्या जवळ राहणाऱ्यास, २० भावंड तेथें शिकत असल्यास, आणि ५ आईबाप त्या शाळेचे माजी विद्यार्थी असल्यास, असें होतें. चार वर्षांच्या बालकाच्या नांवें पांच गुण, आणि ते मिळविले बापानें !

परदेशस्थ भारतीयांच्या जागांचाही असाच प्रकार. सन २००५ मध्यें इनामदार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत अशा जागा शेंकडा १५ पर्यंत ठेवण्यास मुभा दिली. पुढें पंजाब सरकारनें काका, मामा, आत्या अशा दूरच्या नात्यांनाही वैद्यकीय प्रवेशांत त्या जागा खुल्या केल्या, तेव्हां सप्टेंबर २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें तें साफ नाकारलें. महाराष्ट्रांत प्रवेशासाठीं देणगी घेण्यास तर १९८७ च्या कायद्यानेंच बंदी आहे. कोणी मध्यस्थ ‘जागा मिळवून देतों’ म्हणाला, तर हा कायदा आठवावा.

आणखी एक उदाहरण आपल्या कृषि शिक्षणांतील. शेतकऱ्यांच्या मुलांना सात-बाराच्या उताऱ्यावर प्रवेशांत अधिभार देण्याची रीत महाराष्ट्रांत चालत आली आहे. हाही एक वारसाच. पण त्याचा हेतु निराळा. ज्याच्या घरीं कपाशी व तूर पिकते, त्यानें शेतीचें शास्त्र शिकून परत शेताकडे जावें, अशी त्यामागें अपेक्षा आहे. तरी उतारा जमिनीची मालकी सांगतो, अंगावरचा घाम सांगत नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

कोणी म्हणेल, मग आरक्षण तरी काय वेगळें ? दोहोंची दिशाच उलट आहे. ज्यांच्या पूर्वजांना दार बंद होतें, त्यांना आंत घेण्यासाठीं आरक्षण आहे. ज्यांच्या बापाला दार उघडें होतें, त्याच्या मुलासाठीं तें पुन्हां उघडें ठेवणें हा वारसा आहे. दोहोंना एकच नांव देणारा विचार अपुरा होय.

६. समारोप

सन १९१३ मध्यें भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां त्यांच्या घराण्यांतील कोणाचें नांव तेथील वहींत नव्हतें. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं १८९८ मध्यें शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरोस शिकावयास गेले, तेव्हां त्यांच्याही पाठीशीं तेथील कोणी माजी विद्यार्थी उभा नव्हता. या दोघांनीं परत येऊन शाळा व महाविद्यालयें काढलीं, आणि ज्यांना वारसा नव्हता, त्यांच्यासाठीं दारें उघडलीं. वारसा असावा तर असा, कीं जो मागून येणाऱ्या सर्वांना मिळतो.

मित्रांनो, आपल्या आंकड्याचा अर्थ नीट समजून घ्या, म्हणजे त्याची लाज वाटणार नाहीं आणि गर्वही होणार नाहीं. आपलें सूत्र आपण वाचा, आपला अर्ज आपण भरा, आणि गुणपत्रकांत नसलेलें कांहीं त्यांत घालूं नका. तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां प्रवेश देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसतील. त्या दिवशीं समोरच्या मुलास त्याचा बाप कोण हें विचारण्यापूर्वीं, तो येथवर किती वाट चालून आला, हें विचारा.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) एका विद्यार्थ्यास ४ क्रेडिटांच्या विषयांत ६, ३ क्रेडिटांच्या विषयांत ८ व १ क्रेडिटाच्या विषयांत १० गुणांक मिळाले. साधी सरासरी व खरी सरासरी काढून दोहोंतील फरकाचें कारण सांगा. (उत्तर : ८ आणि ७.२५)

(२) सी.जी.पी.ए. ७ असल्यास वर दिलेल्या तिन्ही सूत्रांनीं शेंकडेवारी काढा. (उत्तर : ७०, ६६.५ आणि ६२.५)

(३) वीस हजार परीक्षार्थींत ९८ पर्सेन्टाइल मिळविणाऱ्याच्या पुढें सुमारें किती जण असतील ? (उत्तर : ४००)

(४) ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, पण ज्याचें कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतांत राबतें, त्याच्या मुलीची शेतीशीं असलेली जवळीक प्रवेशाच्या वेळीं कशी ओळखावी ? दहा ओळींत आपलें मत लिहा.